मीटरचे तोंड कोणाकडे : घरगुती वीजमापनाची कुळकथा

दारामागच्या फळीवर किंवा इमारतीच्या जिन्याखाली सामाईक पेटीत बसवलेले विजेचे मीटर आणि अलीकडे बाजारात मिळणारे, भिंतीवरच्या छोट्या पडद्यावर अथवा मोबाइलवर क्षणोक्षणी आकडे दाखवणारे ‘एनर्जी मॉनिटर’ ही दोन्ही यंत्रे एकच राशी मोजतात. मात्र ज्या प्रश्नांसाठी ती निर्माण झाली, ते प्रश्न वेगळे आहेत. विकणाऱ्याने किती माल दिला, हे मीटरने सांगायचे असते; घेणाऱ्याने तो माल कुठे घालवला, हे मॉनिटरने सांगावे अशी अपेक्षा असते. दुसरे यंत्र पहिल्याच्याच वंशातले असल्यामुळे त्याच्या अचूकतेविषयी आणि उपयुक्ततेविषयी जे वाद आज होतात, त्यांची मुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सापडतात. त्या वंशातल्या काही खोडी तर नातवंडांनी जशाच्या तशा उचललेल्या दिसतात.

मोजायची राशी आधी स्पष्ट केली पाहिजे. एक किलोवॉट, म्हणजे १,००० वॉट शक्तीचे उपकरण एक तास चालले की जी ऊर्जा खर्च होते तिला किलोवॉट-तास म्हणतात आणि ती ३६ लाख जूल भरते. मराठी घरांत हा शब्द क्वचितच उच्चारला जातो. तिथे ‘युनिट जळतात’, ‘युनिट वाढतात’. हे ‘युनिट’ ब्रिटिश कारभाराची ठेव आहे. १८८२ च्या विद्युत-प्रकाश कायद्यानंतर ब्रिटनमधल्या वीज कंपन्यांवर तिथल्या बोर्ड ऑफ ट्रेड या व्यापार खात्याची देखरेख आली आणि विक्रीसाठी ठरलेल्या या परिमाणाला ‘बोर्ड ऑफ ट्रेड युनिट’ हे नाव पडले. पुढे खात्याचे नाव गळून गेले आणि नुसते ‘युनिट’ शिल्लक राहिले. शास्त्रज्ञाचे परिमाण ग्राहकाच्या तोंडी बसले नाही, दुकानदाराचे माप मात्र बसले.

विजेची घरोघर विक्री ज्या उद्योगाकडे पाहून आखली गेली तो उद्योग कोळशापासून काढलेल्या गॅसचा होता. टॉमस एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचे वीजकेंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू केले तेव्हा गॅसकंपन्यांप्रमाणे वापरानुसार पैसे आकारण्याचे धोरण त्याच्या मनात पक्के होते, पण त्यासाठी लागणारे मापक अस्तित्वात नव्हते. त्याने जे बनवले ते आजच्या माणसाला मीटर वाटणारही नाही. काचेच्या बरणीत जस्ताच्या क्षाराचे द्रावण, त्यात जस्ताच्या दोन पट्ट्या आणि घरात जाणाऱ्या प्रवाहाचा अगदी लहान, ठरावीक अंश या बरणीतून वळवण्याची सोय, एवढाच त्याचा संसार होता. मायकेल फॅराडेने घालून दिलेल्या नियमानुसार विद्युतप्रवाहाबरोबर एका पट्टीवरचे जस्त दुसरीवर जाऊन बसते आणि किती जस्त सरकले ते एकूण किती प्रवाह वाहिला यावर अवलंबून असते. महिन्याकाठी कंपनीचा माणूस येई, पट्ट्या काढून नेई, नाजूक तराजूवर त्यांचे वजन करी आणि वजनातल्या फरकावरून बिल निघे. हिवाळ्यात द्रावण गोठू नये म्हणून पेटीत एक दिवा ठेवलेला असे आणि थंडी वाढली की तो आपोआप लागे.

या यंत्रात आकडे नव्हते, काटा नव्हता, डोळ्यांना दिसेल अशी हालचालही नव्हती. ग्राहकाने पेटी उघडून पाहिलीच असती तरी त्याला पाण्यात बुडालेल्या दोन करड्या पट्ट्यांपलीकडे काही दिसले नसते. मापाची खूण विकणाऱ्याच्या तराजूवरच उमटत होती आणि घेणाऱ्याला ती मान्य करण्यावाचून गत्यंतर नव्हते. वीजमापनाच्या कुळातला हा पहिला संस्कार होय. मीटर ग्राहकाच्या घरात राहिले, तरी त्याचे तोंड कंपनीकडे राहिले.

अशा मापकाविषयी संशय येणे साहजिक होते आणि तो घेणाऱ्यांमध्ये एडिसनचा आश्रयदाता, विख्यात सावकार जे. पी. मॉर्गन हाही होता. फ्रँक डायर आणि टॉमस मार्टिन यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एडिसनच्या चरित्रात हा प्रसंग आला आहे. मॉर्गनच्या कचेरीतल्या दिव्यांपाशी छापील पत्रे लावून कोणता दिवा किती वेळ जळला याची नोंद कर्मचाऱ्यांनी करायची आणि महिन्याअखेरीस तिची बेरीज बिलाशी ताडायची, असे ठरले. बेरीज जुळली नाही. मीटर जास्त दाखवत होते. चौकशीअंती कळले की, कचेरी बंद झाल्यावर झाडलोट करणारा माणूस दिवे लावून काम करीत असे आणि त्याच्या हाती कोणी पत्र दिलेलेच नव्हते. ते दिल्यावर हिशेब बसला. चरित्रकारांनी हा प्रसंग मीटरच्या खरेपणाचा दाखला म्हणून सांगितला, आणि आश्रितांनी लिहिलेल्या चरित्रात तो तसाच यायचा. तथापि त्यातला अधिक मोलाचा भाग वेगळाच आहे. मीटरचा एकटा आकडा मॉर्गनला काहीच सांगत नव्हता आणि पत्रांची एकटी बेरीजही अपुरी होती. त्या दोहोंमधल्या तफावतीने मात्र कोणाच्या ध्यानीमनी नसलेला खर्च उजेडात आणला. वीजवापर जोखण्याचा हा बहुधा पहिला नोंदलेला प्रयोग आणि मॉनिटर नावाच्या वस्तूचे सारे प्रयोजन त्यात बीजरूपाने आहे.

एडिसनच्या मापकात एक गृहीतक दडलेले होते आणि पुढच्या कथेत ते पुन्हा भेटणार असल्यामुळे त्याची फोड येथेच करावी लागते. वीज मोजताना दोन गोष्टी लागतात : प्रवाह, म्हणजे तारेतून किती वीज वाहते ते, आणि दाब, म्हणजे ती कोणत्या जोराने ढकलली जाते ते. प्रवाहाला दाबाने गुणले की शक्ती मिळते. जस्ताच्या पट्ट्यांना फक्त प्रवाह समजत असे. दाब सर्वत्र आणि सर्वकाळ ११० व्होल्टच आहे असे मानून गुणाकार कागदावर केला जाई. केंद्राजवळच्या आणि दूरच्या घरात दाब सारखा नसतो, हे तेव्हाही ठाऊक होते; व्यवहारापुरते ते सोडून दिले गेले.

प्रवाहाची दिशा सेकंदाला अनेकदा उलटणारी प्रत्यावर्ती वीज आली तेव्हा जस्ताची युक्ती निकामी ठरली, कारण एका क्षणी गेलेले जस्त पुढच्या क्षणी परत येते. १८८८ मध्ये पिट्सबर्गच्या वेस्टिंगहाउस कंपनीत ऑलिव्हर शॅलेनबर्गर एका दिव्यावर काम करीत असताना त्यात एक लहानशी स्प्रिंग पडली आणि चुंबकीय क्षेत्रामुळे ती आपोआप फिरलेली त्याला दिसली. त्यातून त्याने फिरत्या चक्रीचे मीटर बनवले, पण तेही प्रवाहच मोजत होते. प्रत्यावर्ती विजेत ही उणीव अधिक जाचक ठरते, कारण मोटारीसारख्या उपकरणांत प्रवाहाच्या लाटा दाबाच्या लाटांच्या मागे रेंगाळतात, आणि जितके रेंगाळणे जास्त तितका त्या प्रवाहातला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा कमी. दाब आणि प्रवाह यांच्या साध्या गुणाकारातला जो अंश खरोखर खर्ची पडतो त्याला शक्तिगुणक, वीज खात्याच्या बोलीत ‘पॉवर फॅक्टर’, म्हणतात.

या तिन्ही गोष्टी एकत्र पकडणारे यंत्र बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातील ओट्टो ब्लाथी याच्या पेटंटावर तयार झाले आणि १८८९ च्या शरद ऋतूत फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडले गेले. त्यामागचे तत्त्व पुढे शंभर वर्षे टिकले. एका वेटोळ्याला घराचा दाब, दुसऱ्याला घराचा प्रवाह. दोहोंच्या चुंबकत्वाच्या खेचाखेचीने मधली धातूची तबकडी फिरते. आणि कायमचा चुंबक तिला इतकाच आवर घालतो की, तिचा वेग खऱ्या शक्तीच्या प्रमाणात राहावा. फेऱ्या दातेरी चाकांनी मोजल्या जातात. वेटोळ्यांच्या रचनेतच गुणाकार होत असल्यामुळे कागदावरचे गृहीतक नाहीसे झाले. कारागिरांनी पुढे त्यात पुष्कळ बारकावे भरले. घरातले सारे बंद असतानाही तबकडी हळूहळू सरकत राहू नये म्हणून तिला समोरासमोर दोन भोके पाडत आणि त्यांपैकी एखादे चुंबकाखाली आले की ती तिथेच अडे. फिरती तबकडी काचेतून दिसत असल्यामुळे ग्राहकाला प्रथमच काहीतरी पाहायला मिळाले आणि मराठीला ‘मीटर पळते’ हा वाक्प्रयोग मिळाला, जो आता रिक्षापासून रुग्णालयापर्यंत कुठेही वापरता येतो.

मुंबईत १९०५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीने वीजविक्रीचा जम बसवला तोवर जगभर तबकडीचे मीटर रूढ झाले होते. १९१० च्या भारतीय विद्युत कायद्याने मीटर बिनचूक असण्याची जबाबदारी घातली आणि त्याविषयीचा वाद विद्युत निरीक्षकाकडे नेण्याची वाट ठेवली. पूर्ण भाराच्या एकदशांशापासून पूर्ण भारापर्यंत चूक ३ टक्क्यांच्या आत असेल तर मीटर बरोबर मानावे, असे १९५६ च्या नियमांनी ठरवले. या नियमातली मेख ‘एकदशांश’ या शब्दात होती. त्याखालच्या भाराविषयी नियम मौन पाळत होता आणि घर्षणाने थकलेली तबकडी तिथे बहुधा ग्राहकाच्या बाजूने चुके.

या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत तबकडी गेली आणि तिच्या जागी इलेक्ट्रॉनिक मीटर आले तेव्हा ‘नवे मीटर पळते’ ही तक्रार महाराष्ट्रात घरोघर ऐकू आली. तिच्यात तथ्य होते, मात्र दोष नेहमीच नव्या मीटरचा नव्हता. भारतीय मानकानुसार १ टक्का चुकीच्या वर्गातले, ५ अँपिअर मूळ प्रवाहाचे इलेक्ट्रॉनिक मीटर अवघ्या २० मिलिअँपिअर प्रवाहाला, म्हणजे साधारण ५ वॉटांच्या भाराला जागे व्हावे लागते. रिमोटने बंद केलेला दूरदर्शन संच, खोचून ठेवलेला चार्जर, सेट-टॉप बॉक्स अशा उपकरणांचा निद्रिस्त भार जुन्या तबकडीने बराचसा माफ केलेला असे. नवे मीटर त्याची दमडीदमडी मोजू लागले. मॉर्गनच्या कचेरीतल्या झाडूवाल्याचा दिवा आता प्रत्येक घरात चोवीस तास जळत होता.

नवे मीटर मुळातच अचूक आहे असा निष्कर्ष मात्र यातून निघत नाही. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठात फ्रँक लेफरिंक आणि सहकाऱ्यांनी नऊ इलेक्ट्रॉनिक मीटर तपासले आणि २०१७ मध्ये गाजलेल्या त्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी पाच मीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त, एका टोकाला तर ५८२ टक्क्यांनी जास्त आकडा दाखवत होते. दोन मीटर सुमारे ३० टक्के कमी दाखवत होते. मंद करता येणाऱ्या एलईडी व बचतीच्या दिव्यांमुळे प्रवाहाची लाट मोडूनतोडून गेली की, तिचा नमुना घेणारा संवेदक फसत असे. ही परिस्थिती मुद्दाम घडवलेली व टोकाची होती, आणि सर्वसाधारण घरात असे आकडे अपेक्षित नाहीत. तथापि प्रमाणपत्र ज्या सुबक लाटेवर मिळते ती लाट घरात येतेच असे नाही, एवढे त्यातून नि:संशय दिसले.

ग्राहकाने स्वतः विकत घ्यायचे मॉनिटर या शतकाच्या आरंभी पाश्चात्त्य बाजारांत पसरले. त्यांतला सर्वांत लोकप्रिय प्रकार चिमट्याचा. मीटरपासून घरात येणाऱ्या तारेभोवती उघडमिट होणारे कडे अडकवायचे, तारेतल्या प्रवाहामुळे त्या कड्यात बारीकसा प्रवाह उत्पन्न होतो आणि तो मोजला जातो. तार कापावी लागत नाही, मीटरचे सील तोडावे लागत नाही. या सोयीची किंमत अशी की, कड्याला दाब समजत नाही. स्वस्त मॉनिटर दाब २३० व्होल्ट आणि शक्तिगुणक १ आहे असे मानतात आणि गुणाकार करून मोकळे होतात. एडिसनच्या बरणीतले गृहीतक सव्वाशे वर्षांनी असे परत आले, तेही रेंगाळणाऱ्या लाटांच्या विजेवर, जिथे ते एडिसनच्या काळापेक्षा जास्त चुकते. फ्रिजची मोटार १ अँपिअर घेत असेल आणि तिचा शक्तिगुणक ०.६५ असेल तर खरा खर्च सुमारे १५० वॉट, पण पडद्यावर २३०. संध्याकाळी दाब २०५ व्होल्टांवर उतरला असेल तर त्या एका कारणानेच आकडा १२ टक्के फुगतो. शिवाय १०० अँपिअरच्या बेताने बनवलेल्या कड्याकडून रात्रीच्या दोन-तीन दिव्यांचा प्रवाह नीट मोजण्याची अपेक्षा म्हणजे धान्याच्या काट्यावर केशर जोखणे. गीझर, इस्त्री, शेगडी यांचा प्रवाह मात्र दाबाच्या पावलावर पाऊल टाकून चालत असल्यामुळे तिथे हे यंत्र बऱ्यापैकी खरे बोलते.

दाबही मोजणारे मॉनिटर, तसेच भिंतीवरचा प्लग आणि उपकरण यांच्या मध्ये खोचायचे मापक या दोषातून सुटतात. परंतु दुसऱ्याला एका वेळी एकच उपकरण दिसते. तिसरा मार्ग फारसा कोणी वाखाणत नाही, तरी तो सर्वांत निर्मळ आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकतो आणि त्याशेजारी ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. एका युनिटात तो तितक्या वेळा लुकलुकतो. हा दिवा तबकडीचा वारस आहे आणि त्याचे ठोके मोजणारे मॉनिटर बिलाशी कधीच भांडत नाही, कारण ते बिलाचाच आकडा वाचते. मॉनिटर नसले तरी घड्याळ पुरते. ३२०० च्या मीटरवर दोन लुकलुकींमध्ये ५६ सेकंद गेले तर घरात २० वॉटांचा भार चालू आहे. घरातली सारी बटणे बंद असताना हे घडले, तर शोध सुरू करायला हरकत नाही.

एकाच ठिकाणी मोजून कोणते उपकरण चालू आहे हे ओळखण्याची कल्पना १९८० च्या दशकात अमेरिकेच्या एमआयटी संस्थेत जॉर्ज हार्ट याने पुढे आणली. सौर पॅनेल बसवलेल्या घरांच्या वीजवापराचे आलेख पाहताना त्यात पायऱ्या दिसतात आणि प्रत्येक उपकरणाची पायरी स्वतःच्या उंचीची असते, हे त्याच्या ध्यानात आले. खरी शक्ती आणि रेंगाळणारी शक्ती असे दोन अक्ष घेऊन पायऱ्या मांडल्या की फ्रिजचा ठिपका एकीकडे, गीझरचा दुसरीकडे असे पुंजके पडतात. त्याचा सविस्तर निबंध १९९२ मध्ये आला, पण त्याआधी, १९८९ मध्येच, मीटरच्या तारेवरून घरातल्या माणसांची दिनचर्या वाचता येते आणि म्हणून हे पाळतीचे साधन होऊ शकते, असा इशारा त्याने स्वतः दिला होता. असे संशोधक विरळा. दिल्लीतल्या एका तिमजली घरातून २०१३ च्या उन्हाळ्यात ७३ दिवस गोळा केलेल्या नोंदींनी भारतीय घरांच्या अडचणी पुढे आणल्या. इथे दाबच इतका हलतो की एकाच उपकरणाची पायरी सकाळी एक आणि रात्री दुसरी दिसते. एलईडी दिव्यांच्या पायऱ्या तर सगळ्या सारख्याच बुटक्या असतात.

उपयुक्ततेचा इतिहास याहून खडतर आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर न्यू जर्सीतील ट्विन रिव्हर्स या वसाहतीत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी २९ एकसारख्या घरांपैकी काहींना त्यांच्या वापराचा आकडा जवळजवळ रोज कळवला. या घरांचा वापर उरलेल्यांपेक्षा १०.५ टक्क्यांनी कमी भरला. ऑक्सफर्डच्या सारा डार्बी यांनी २००६ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा आढावा घेऊन थेट दिसणाऱ्या आकड्याने ५ ते १५ टक्के बचत होते असे मत मांडले आणि मॉनिटर विकणाऱ्यांनी त्यातला १५ तेवढा उचलला. २०१० मध्ये नेदरलँड्समधून आलेल्या अभ्यासाने त्यावर पाणी ओतले. चार महिन्यांनंतर दिसलेली ७.८ टक्क्यांची बचत पंधरा महिन्यांनंतर टिकली नव्हती. गूगलने २००९ मध्ये सुरू केलेली घरगुती वीजवापर दाखवणारी सेवा २०११ मध्येच गुंडाळली. पहिल्या महिन्यात घरभर फिरून बटणे तपासली जातात, दुसऱ्या महिन्यात एखाददुसरा चोर सापडतो आणि मग पडदा रोज तेच सांगू लागतो. यात यंत्राचे अपयश शोधण्याचे कारण नाही. डॉक्टरने ताप मोजला म्हणून थर्मामीटर कोणी आयुष्यभर काखेत धरून ठेवत नाही. शिवाय या कामाला फार अचूकताही लागत नाही. दहा टक्के चुकणारे मॉनिटर रोज सारखेच चुकत असेल तर काल आणि आज यांतले प्रमाण ते बिनचूक दाखवते.

महाराष्ट्रात मॉनिटरला एक जादा काम आहे. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे असून वरच्या टप्प्यातल्या युनिटांचा दर चढा असतो, त्यामुळे महिन्याच्या विसाव्या दिवशी आपण कुठवर आलो हे कळणे व्यवहारात उपयोगी पडते. स्मार्ट मीटर नेमके हेच मोबाइलवर दाखवू शकते. तरीही २०२१ च्या केंद्रीय योजनेत देशभर २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसवण्याचे ठरल्यावर २०२४ मध्ये महाराष्ट्रात त्याविरुद्ध इतका गदारोळ झाला की सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नसल्याचे सरकारला जाहीर करावे लागले. या विरोधाला अज्ञान म्हणणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. आकडा ग्राहकाला दिसतो खरा, परंतु त्यासोबत पुरवठा तोडण्याची कळही कंपनीच्या हाती दूरवरून जाते, आणि आकडा खरा आहे की नाही हे ताडण्यासाठी ग्राहकाकडे मॉर्गनची पत्रे नसतात. तक्रारीनंतर शेजारी दुसरे तपासणी मीटर लावण्याची पद्धत आहे ती याच कारणाने, आणि एकाच तारेवरची दोन मीटरे आठवडाभर सारखी चालताना डोळ्यांनी पाहिल्यावर पुष्कळ वाद मिटतात.

पुण्यातील ‘प्रयास’ संस्थेच्या ऊर्जा गटाने २०१४ च्या सुमारास जो उपक्रम उभा केला त्यात मॉनिटरने उलटे वळण घेतले. घरातल्या साध्या प्लगमध्ये खोचायची लहान पेटी त्यांनी देशातल्या निरनिराळ्या गावांत आणि शहरांत बसवली. ती घराचा वापर मोजतच नसे. दर मिनिटाला दाब किती आहे, एवढेच ती टिपत असे आणि मोबाइलच्या जाळ्यावरून पाठवत असे; दाब शून्य असेल तर वीज गेली, १८० असेल तर पंखा रडतखडत फिरतो आहे. या नोंदी सर्वांना पाहता येतील अशा ठेवल्या गेल्या आणि कोणत्या गावात संध्याकाळी किती तास अंधार होता, हे वितरण कंपनीच्या अहवालाशेजारी ठेवून वाचता येऊ लागले. जो दाब पर्ल स्ट्रीटच्या हिशेबात स्थिर धरला होता आणि चिमट्याच्या मॉनिटरनेही मोजायचा टाळला, तोच येथे नोंदवहीचा एकमेव रकाना होता, आणि बिलाच्या पैलतीरावर बसलेल्याला त्याचा जाब विचारता येत होता.